तोमेआजोबांचा घोडा आणि माझी उरलीसुरली इस्टेट

मी एका मेलेल्या माणसाचा घोडा खाल्ला. मिसो लावून. चवीला छान होता.

हे आधीच लिहून टाकलं, कारण मागाहून लिहायची वेळ आली तर माझी हिंमत व्हायची नाही. आता रीतसर सुरुवात करतो.

मी, कोगुरे तेप्पेई, वय वर्षं वीस, धंदा सांगण्यासारखा नाही, राहणार तातेबायाशी, 'कोगुरे केशकर्तनालया'च्या मागची शांपूच्या बाटल्यांची खोली, आज ऑगस्टच्या बारा तारखेला भर दुपारी हे माझं पहिलं आणि बहुतेक शेवटचं मृत्युपत्र लिहितो आहे. मी पूर्ण शुद्धीत आहे. तसा डॉक्टरचा दाखला जोडलेला नाही, कारण डॉक्टर विचारणार काय खाल्लंस, आणि त्यावर मी जे सांगणार ते ऐकून ते शुद्धीचा दाखला देणार नाहीत. हे मी कुणाच्या धाकानं लिहीत नाही असंही म्हणायची पद्धत आहे. धाक आहे. पण ज्याचा आहे तो माणूस फेब्रुवारीतच वारला.

ही भाषा माझी नाही. आईच्या सलूनमध्ये एक वकील दाढीला येतात, गालावर फेस असतानाही मृत्युपत्रांबद्दल बोलत असतात. त्यांच्याकडून उचलली. ते म्हणतात, "शब्दांचे अर्थ आधी पक्के करावेत, आणि कारण लिहावं. म्हणजे मागे राहिलेले भांडत नाहीत." तर अर्थ पक्के करतो.

या दस्तात 'घोडा' म्हणजे काकडी. बोनच्या, म्हणजे पितरांच्या, सणाला काड्यांचे चार पाय खुपसून देव्हाऱ्यासमोर ठेवायची ती. घरातलं गेलेलं माणूस तिच्यावर बसून येतं, घोडा असल्यामुळे लवकर येतं. 'गाय' म्हणजे वांगं. त्याच्यावर बसून ते माणूस परत जातं, गाय असल्यामुळे रमतगमत जातं. 'मिसो' म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं खारट वाटण. 'आजोबा' म्हणजे शेजारचे त्सुनोदा तोमेकिची, जे आता नाहीत पण उद्या संध्याकाळी येणार आहेत. 'आजी' म्हणजे त्यांची बायको किनू. 'मी' म्हणजे मी. त्याचा अर्थ अजून पक्का व्हायचाय.

आता कारण.

तोमेआजोबा आयुष्यभर पिठाच्या गिरणीत होते आणि निवृत्त झाल्यावर काकड्यांत गेले. त्यांच्या आजोबांपासून चालत आलेलं घरचं बी होतं. काकडी अर्धी हिरवी, अर्धी पांढरट, वाकडी आणि काटेरी. आजोबांचा फोटो पाहिलात तर वेगळं वर्णन लागणार नाही. हॉस्पिटलात शेवटच्या दिवसांत ते आजीला म्हणाले, "किनू, माझ्या पहिल्या बोनला बाजारची काकडी ठेवू नकोस. त्या मेणचट घोड्यावर माझी बैठक जमायची नाही. आपल्या वेलीची ठेव. नाहीतर मी येणारच नाही."

दुसरं कुणी असतं तर आपण म्हटलं असतं, आजारी माणूस, बोलला काहीतरी. पण हा माणूस एकदा वेटरनं उशीर केला म्हणून त्या हॉटेलात पुन्हा मरेपर्यंत गेला नव्हता. आजीला माहीत होतं. तो म्हणाला येणार नाही, म्हणजे येणार नाही.

आजीचा आणि मातीचा संबंध आजवर एवढाच, की आजोबांच्या चपलांची माती झाडताना ती त्यांना शिव्या द्यायची. तिनं यंदा बी लावलं. आणि यंदाच पावसाळा असा आला की आईच्या सलूनमधले टॉवेल जुलैपर्यंत वाळले नाहीत. अर्धी रोपं मुळातच कुजली. उरलेल्यांवर केवडा रोग पडला, मग भुरीची पांढरी बुरशी. मग बिनशंखाच्या गोगलगायी आल्या. आजीनं वेलींवर जुन्या पारदर्शक छत्र्या बांधल्या. लांबून वाटायचं, काकड्या बसची वाट बघतायत. गोगलगायींसाठी बशीत बिअर ठेवायची असते, त्या पिऊन बुडतात. मी आजीला सांगितलं की स्वस्त बिअरला त्या तोंड लावत नाहीत. आजीनं चांगली आणली. पहिल्या दिवशी बशीत कमी झालेली बिअर गोगलगायींनी प्यायली नव्हती, एवढंच इथे नमूद करतो.

पावसाळा गेला तेव्हा एक वेल राहिली होती. मग ऊन असं पेटलं की त्या वेलीनंही मान टाकली. पण मान टाकण्याआधी तिनं एक काकडी धरली. एकच. आजी रोज सकाळी तिच्यासमोर उकिडवी बसायची, जसं काही ती बोलणार आहे.

परवा आजी मुलीला आणि नातवंडांना आणायला सेंदाईला निघाली. जाताना कुंपणावरून मला म्हणाली, "तेप्प्या, दोन दिवस माझ्या घोड्याला पाणी देशील?"

मी मनात म्हटलं, ऊन लागलं म्हातारीला. अशा वेळी विरोध करू नये असं टीव्हीवर सांगतात. मी म्हटलं, "देईन की आजी. आणि खरारा?"

"खरारा कसला? हात लावू नकोस. फक्त पाणी. आणि उन्हाचं देऊ नकोस, पाय भाजतात."

"लगाम लावून जातेस ना?"

"चिठ्ठी बांधलीय त्याला. दिसेल तुला," असं म्हणून ती गेली.

काल मी सकाळी उठायचा तो दुपारी उठलो. तिच्या अंगणात गेलो. घोडा काही दिसला नाही, म्हणून दिसेल त्याला पाणी घातलं. कुंड्या, दगड, सायकल. उन्हानं डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. आणि तिथे पानाआड ती काकडी लटकत होती, थंडगार, आणि तिच्या देठाला चिठ्ठी. रोपांची नावं लिहायची प्लास्टिकची पट्टी. तिच्यावर आजीच्या हातची दोन अक्षरं, 'उमा', आणि पुढे परवाच्या गडगडाटी पावसानं पसरलेला शाईचा डाग.

आता आमच्या भाषेत उमा म्हणजे घोडा. आणि उमाइ म्हणजे चविष्ट. फरक काय तो शेवटच्या 'इ'चा. मला वाटलं, 'इ' पावसात वाहून गेला. मला वाटलं, आजी किती गोड, जाता जाता पाणी घालणाऱ्यासाठी एक काकडी ठेवून गेली आणि वर लिहूनही गेली की चविष्ट आहे, खा. शाळेत मास्तर मला सांगून थकले की कोगुरे, शब्द शेवटपर्यंत वाचत जा. आयुष्यात पहिल्यांदा मी शब्द शेवटाच्याही पुढे वाचला, आणि हे झालं.

घरी आणली, मिसोत बुडवली, खाल्ली. देठ टाकून दिला.

मग सलूनमध्ये जाऊन आईला म्हटलं, "किनूआजी चांगली आहे हं. माझ्यासाठी काकडी ठेवून गेली."

आई वकिलांची दाढी करत होती. "कुठली काकडी?"

"ती एकुलती एक होती ना, ती."

आईचा वस्तरा वकिलांच्या गळ्यावर थांबला. वकिलांनीही श्वास थांबवला.

"तेप्प्या," आई म्हणाली, "तो तोमेसानचा घोडा होता."

मला तेव्हा सगळं एकदम कळलं. चिठ्ठी, पाणी, खरारा.

"मेलास तू," आई म्हणाली. "किनूसान काय म्हणेल ते पुढचं. तू तर मेलास."

टॉवेलाखालून वकील हळूच म्हणाले, "मृत्युपत्र केलंय का?"

ते गंमतीत म्हणाले असतील. पण मी कुमाकडे गेलो. कुमा माझा मित्र, अंगानं अस्वल, घरचा टोफूचा धंदा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि टोफू कापता कापता म्हणाला, "म्हणजे आजोबांना आता चालत यावं लागणार."

"येणारच नाहीत म्हणाले होते."

"आजीकडे नाही येणार. तुझ्याकडे येतील. चालत. चालून पाय दुखणार. पाय दुखले की त्यांचं डोकं फिरतं हे तुला माहितीय. आणि सोळा तारखेला गायीवरून परत जाताना ते एकटे जातील असं तुला वाटतं?"

मी म्हटलं, "गायीवर दोघं मावतात?"

"ओझं म्हणून मावतात," कुमा म्हणाला.

झालं हे कारण. आता वाटणी.

कलम पहिलं, घर. घर आईचं आहे. माझी खोली आईला परत. तिथे पूर्वी शांपू होते, ते परत ठेवावेत. त्यांचा आईला माझ्यापेक्षा जास्त उपयोग होता, असं तीच म्हणते.

कलम दुसरं, बागायत. माझ्या मालकीची शेती म्हणजे पश्चिमेच्या खिडकीवर चढवलेला कारल्याचा मांडव. खोलीत ऊन येऊ नये म्हणून लावला. तो मी कधी छाटला नाही, बांधला नाही, त्याला खत घातलं नाही, आणि तो राक्षसासारखा वाढला. शेजारी आजोबा पहाटे उठून वेलींची जावळं काढायचे, म्हणजे जास्तीचे फुटवे खुडायचे, आणि इकडे माझा आळस फळायचा, हा त्यांचा माझ्यावरचा पहिला राग. दुसरा राग, त्यांना कारलं बघवत नसे. म्हणायचे, "कडू खायचं असेल तर माणसानं लग्न करावं. कारलं कशाला?" हे आजीला ऐकू जाईल असं म्हणायचे. मी एकदा त्यांच्या काकड्यांमध्ये दोऱ्यानं एक कोवळं कारलं बांधून ठेवलं होतं. ते सकाळी चष्मा न लावता तोडायचे आणि तिथेच खायचे. त्या सकाळी आमच्या गल्लीतले सगळे लवकर उठले.

मांडवातली सगळी कारली कुमाच्या घरी द्यावीत, टोफूबरोबर परतायला. मात्र एक गोष्ट. आजोबांच्या काकडीची वेल कुंपणातून माझ्या बाजूला घुसायची, आणि आजोबा रोज कात्री घेऊन तिला छाटायचे, म्हणायचे, "त्या घरात जाऊ नको, बिघडशील." ते गेल्यापासून कात्री चालवायला कुणी नाही. आजीला ते सुचलं नाही आणि मी आळशी. तर यंदा कुंपणाच्या माझ्या बाजूला तिची जी काही वेल आली असेल ती, आणि तिच्यावर जे काही असेल ते, किनूआजीला. तिची ती तिला. वाळकी पानं असतील, पण कायदा म्हणजे कायदा.

कलम तिसरं, हत्यारं. रबरी नळी एक, जिच्यानं मी वाटेवरच्या पोस्टमनला तीनदा आंघोळ घातली. ती पोस्टमनला द्यावी, म्हणजे त्याच्या आत्म्याला शांती. आईची केस कापायची चांगली कात्री, जिच्यानं मी वांग्याच्या फांद्या छाटल्या, आणि जी हरवली म्हणून आई गेला महिनाभर शेजारच्या सलूनवर संशय घेते आहे. कात्री खताच्या गोणीखाली आहे. आई, त्या बिचाऱ्यांशी आता बोलायला लाग. मांडवाचे बांबू आजोबांचे आहेत. मी मागितले नव्हते. त्यांनी 'चोर' म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी आणखी चार कुंपणावरून टाकले, म्हणाले, "चोरायचे तर नीट चोर, चार बांबूंवर मांडव उभा राहतो का?" ते आजीला परत.

कलम चौथं, जनावरं. थर्माकोलच्या माशांच्या खोक्यात माझं एक वांग्याचं झाड आहे. त्याला एकच वांगं चांगलं आलंय, गोल, जड. ती गाय. ती आजीला द्यावी. म्हणजे मला घेऊन जाणारं वाहन मीच पुरवतो आहे.

कलम पाचवं, बचत. या कलमाला मजकूर नाही.

कलम सहावं, जुनी भांडणं. आजोबांनी मला कुजकी काकडी फेकून मारली ती माफ. त्यांनी माझ्या आईला सांगितलं की या पोराचं डोकं केस वाढवायलाच ठेवलंय, तेही माफ. एक मात्र माझ्या मनात आहे. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी मला पहिल्यांदा स्वतःच्या हातानं काकडी दिली. मी घरात मिसो आणायला वळलो. त्यांनी काकडी परत घेतली. म्हणाले, "माझ्या काकडीला मीठसुद्धा लागत नाही. मिसो लावायचा असेल तर बाजारची खा." आणि उभ्या उभ्या स्वतः खाऊन टाकली. तेव्हा मी चिडलो होतो. आता लिहिताना लक्षात येतंय की त्यांची ती शेवटची काकडी होती जी मी खाऊ शकलो असतो आणि खाल्ली नाही, आणि ही यंदाची होती जी खायची नव्हती ती खाल्ली. तीही मिसो लावून.

कलम सातवं. हे आजीनं वाचू नये. आज सकाळी मी बाजारातून काकडी आणली आणि हिरव्या फितीनं त्या वेलीला बांधली. चिठ्ठीही लटकवली. लांबून बरी दिसते. डोळे बारीक केले तर फारच बरी दिसते.

अंमलबजावणी कुमानं करावी. त्यानं "नको रे" म्हटलं आहे, ते संमती समजावं. साक्षीदार दोन लागतात. एक कुमा. दुसऱ्याची जागा मोकळी ठेवतो आहे, कारण आई सही करणार नाही. ती म्हणते, "आधी मर, मग बघू."

पुरवणी. तेरा तारीख, दुपार.

काल संपलं असं वाटून सही करणार होतो, पण मी अजून आहे, आणि बरंच झालंय.

आजी सकाळी मुलीला, नातवंडांना घेऊन आली. घराच्या पुढच्या कडीला पहिल्या बोनचा पांढरा कंदील लावला आणि सरळ वेलीकडे गेली. मी मांडवाआडून बघत होतो. ती उकिडवी बसली.  मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तेप्प्या, बाहेर ये. हा कोण?"

"घोडा, आजी."

"हा घोडा? ही शाळेतली पट्टी आहे. आमच्या माणसानं जन्मात सरळ काकडी पिकवली नाही." तिनं तिच्यावरून अंगठा फिरवला. "काटे कुठायत? आणि ही गाठ? वेलीला हल्ली फुलपाखराच्या गाठी यायला लागल्या होय?"

 मी खिशातून हे कागद काढून तिच्या हातात दिले. ती घराच्या कठड्यावर बसली, चष्मा लावला, आणि वाचायला लागली. एक-एक ओळ. हसली नाही. मास्तरसुद्धा माझा पेपर वाचताना मधूनमधून हसायचे.

"कुठला मिसो?" तिनं विचारलं.

"तू आईला दिला होतास तो."

"हं." तिनं मग कागद मांडीवर ठेवले, चष्मा काढला आणि त्याच्या काड्या मिटल्या. "म्हणजे तो येणार नाही," ती म्हणाली. मला नाही, कंदिलाकडे बघून. "म्हणालाच होता तो."

मी आजवर लोकांना रडवलं ते सगळं हसण्यावारी. पोस्टमन ओला व्हायचा, शिव्या द्यायचा, संपायचं. आजी रडलीही नाही. तिनं फक्त बाहीचं बटण काढलं आणि पुन्हा लावलं, आणि मला वाटलं, आत्ता आजोबा चालत आले आणि मला ओढून घेऊन गेले तर बरं होईल.

मी म्हटलं, "आजी, मला मार."

"मारून काकडी येणार आहे?" असं म्हणून तिनं पुन्हा चष्मा लावला. तिला अर्धवट सोडायची सवय नाही. जेवणही नाही, भांडणही नाही. दुसरं कलम वाचता वाचता ती म्हणाली, "हे काय? 'माझ्या बाजूला तिची जी काही वेल आली असेल ती किनूआजीला.'"

"वाळकी पानं असतील, आजी."

"असू देत. माझा वाटा आहे ना? दे."

"मृत्युपत्र मेल्यावर लागू होतं."

"तुझी आई म्हणते तू मेलायस. चल."

आम्ही दोघं मांडवात शिरलो. कारल्याची पानं इतकी दाट होती की आत संध्याकाळ वाटत होती. आजीच्या बाजूला वेल उन्हानं जळाली होती, पण तिचा एक फाटा कुंपणातून माझ्याकडे आला होता आणि कारल्याच्या सावलीत अजून हिरवा होता. आजी त्याच्यावर हात ठेवून पानं बाजूला करत गेली, मी मागून. आणि मांडवाच्या कोपऱ्यात, जिथे मी वर्षभरात एकदाही बघितलं नव्हतं, आजी थांबली.

काकडी होती. काकडी म्हणायची म्हणून. कुणी वेळेवर तोडली नाही की जे होतं ते झालं होतं. पिवळी तांबूस, पोट सुटलेली, माझ्या दंडाएवढी, मधे वाकलेली, सालीवर भेगा. गाभण म्हैस दिसते तशी. पण देठाशी काट्यांच्या खुणा होत्या, आणि वाकडी तर अशी की शपथेवर सांगावं, त्सुनोदा घराण्याचीच.

आजीनं ती दोन्ही हातांत घेतली. मग एकदम तिचा आवाज चढला, अगदी आजोबा असताना चढायचा तसा. "कारल्यात! अहो, कारल्यात जाऊन बसला होता! मी तिकडे छत्र्या धरत्येय, आणि हा मेला इथे, कारल्याच्या सावलीत!"

आणि मग ती रडली. हसली पण. दोन्ही एकाच वेळी करता येतं हे मला माहीत नव्हतं.

घोडा उभा करणं सोपं गेलं नाही. नेहमीच्या काड्यांचे पाय त्या वजनाखाली वाकले. जेवायच्या काड्याही मोडल्या. शेवटी मी आजोबांच्याच बांबूचे तुकडे तासून दिले, तेव्हा तो उभा राहिला, पोट जवळजवळ जमिनीला टेकलेलं. आजीची नात म्हणाली, "आजी, हे डुक्कर आहे का?"

"घोडा आहे. आजोबा वर जाऊन अंगानं सुटलेत, त्यांना असलाच लागतो."

"हा पळेल?"

"पळणार कसला? पण येईल," आजी म्हणाली. "हा येईल."

मग तिनं माझी गाय मागितली. वांगं हातात घेऊन वजन बघितलं, म्हणाली, "जड आहे. चांगलं आहे. जाताना घाई नको त्याला."

मी घाबरत घाबरत विचारलं, "आजी, गायीवर माझी जागा..."

"तू कुठे चाललास? सोळा तारखेनंतर हा घोडा फोडून बी काढायचंय. धुवायचं, वाळवायचं. माझ्यानं एकटीनं पुन्हा होणार नाही हे. पुढच्या वर्षी तू लावायचंस. पहाटे उठायचं." तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आजोबांबरोबर गेलो असतो तर निदान झोप तरी मिळाली असती.

त्यामुळे वरची सगळी कलमं कायम आहेत, पण सोळा तारखेपर्यंतच. सावधगिरी म्हणून. बांबू तेवढे आजीनं मला परत दिले, म्हणून ते कलम रद्द. कात्री आईला आजच सापडली. त्याबद्दल स्वतंत्रपणे काही लिहायची गरज नाही, ऐकू गेलंच असेल.

स्थळ : तातेबायाशी, त्सुनोदांच्या घराचा कठडा.
तारीख : तेरा ऑगस्ट, अंधार पडता पडता.
लिहून देणार : कोगुरे तेप्पेई. (सहीच्या जागी सलूनची पार्सलं घ्यायचा शिक्का. माझा वेगळा नाही.)
साक्षीदार : कुमागाई, टोफूवाला. "मी काही वाचलेलं नाही."
साक्षीदार : त्सुनोदा किनू. "मी सगळं वाचलंय."

आजोबांना घराची वाट दिसावी म्हणून आजीनं अंगणात आग पेटवली होती, ती आत्ता विझलीये. घरात दिवा लागलाय, देव्हाऱ्यासमोर आजोबांचं ताट वाढलंय, आणि तो लठ्ठ घोडा तिथे दाराकडे पाठ करून उभा आहे. म्हणजे आजोबा पोहोचले. आजी आत एकटीच कुणाशी तरी भांडते आहे, कारल्यावरून.

तेव्हा हा कागद ज्याच्या हाती पडेल त्याच्या पाया पडतो. सोळा तारखेपर्यंत कुणाला सांगू नका. आजोबांचे कान तिखट होते, आणि आता तर ते कुठे बसलेत तेही दिसत नाही. आजीनं त्यांना सांगितलंय की घोडा पहिल्यापासून हाच होता. तेच खरं धरा. आणि समजा कळलंच, तर घोडा खाल्ला हे ते एकवेळ पोटात घालतील. पण मिसोचं, हात जोडतो, मिसोचं तेवढं कुणाला बोलू नका.